कुलपातली वही

*पत्र : 'मुलगी बारावी सायन्सला आहे. नीटच्या सराव परीक्षांत 410 च्या पुढे जात नाही, आणि वर कॉलेजच्या पर्यावरण विषयाचं खूळ. 2019 ला आमच्या घरात पाणी आलं तेव्हापासून नदीचं वेडच लागलंय. पंचगंगेच्या पाण्याची वही करते. नदीत विष सोडतात म्हणून मासे मरतात, एवढं लिहायला वही कशाला हवी? मी ती कपाटात कुलपात ठेवली आहे. पर्यावरणाच्या मूळ संकल्पना महिनाभरात उरकतील असं वेळापत्रक द्या, आणि यात करिअर नाही हे तुमच्या शब्दांत तिला पटवा. हल्ली पोरगी ताट घेऊन वरच्या खोलीत जाते. – एक पालक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर'*

नमस्कार.

पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेतो. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला काळजी 410 ची वाटत नाही, त्या ताटाची वाटते. जी मुलगी आधी खाली बसून जेवत होती, ती आता जिना चढून एकटी जेवते. तुमच्या पत्रात सराव परीक्षेचे गुण आहेत, कुलूप आहे, माझ्यासाठी काम आहे. मुलगी काय म्हणते, ते एका ओळीतही नाही. तुम्ही विचारलंत का तिला? की वही काढून घेतली तेव्हाच बोलणं संपलं?

2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली. धोका पातळी 43 फूट. तेव्हा तुमची मुलगी सहावीत असेल. त्या वयाच्या पोरीनं घरात नदी शिरलेली पाहिली आणि पुढं तिला नदी समजून घ्यावीशी वाटली, तर याला वेड म्हणत नाहीत. घाबरून नदीकडं पाठ फिरवणारी माणसं आपल्याकडं पुष्कळ आहेत. ही मोजायला बसली.

आता तुमचं ते विषाचं वाक्य. तुम्हालाच दोष देत नाही, निम्मं कोल्हापूर असंच म्हणतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगले की 'कुणीतरी विष सोडलं' असं म्हणून आपण मोकळे होतो. विष कधीच नसतं असं नाही. पण पुष्कळदा मासे मरतात ते श्वास कोंडून. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिता ना? दूध काही विष नव्हे. पण तेच दूध टँकरभर ओढ्यात ओता, मासे मरतील. पाण्यातले जिवाणू त्या दुधावर तुटून पडतात, भराभर वाढतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. साखर कारखान्याच्या सांडपाण्यातली साखर, मळी, गावाचं मैलापाणी, सगळ्यांचं गणित हेच. स्वच्छ पाण्यात 25 अंशांना लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो 2 च्या खाली आला की बहुतेक मासे तगत नाहीत. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, आणि उन्हाळ्यात बंधाऱ्यामागचं पाणी हलत नाही. म्हणून हे मार्च-एप्रिलमध्ये जास्त दिसतं. पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. पुस्तकात ती दोन ओळींची व्याख्या आहे. मुलं घोकतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. नदीची वही ठेवणारं पोर विसरणार नाही.

म्हणून महिन्याचं वेळापत्रक मी देत नाही. उजळणी त्या वहीतूनच होईल. रंकाळा तलावात केंदाळ, म्हणजे ती तरंगती पाणवनस्पती, का माजतं, हे नीट समजलं की नायट्रोजन-फॉस्फरसची चक्रं समजली. राधानगरीच्या जंगलात गवे भरपूर आणि बिबटे मोजके का, याचं उत्तर ऊर्जेच्या पिरॅमिडमध्ये आहे : गवत, मग गवे, मग बिबटे अशा पायऱ्या धरा, एका पातळीवरची जेमतेम 10 टक्के ऊर्जा वरच्या पातळीला पोचते. अन्नसाखळी, वहनक्षमता (एका जागेत किती जीव तगू शकतात ती मर्यादा), जैवविविधता, सगळं पंचगंगेच्या काठानं चालत गेलं तरी भेटतं.

नीटचं म्हणाल, तर तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे : प्रदूषणाचं प्रकरण त्या अभ्यासक्रमातून निघालंय. न आवडणारी गोष्ट ही, की परिसंस्था, सजीवांच्या समष्टी (एका जागी राहणारे एकाच जातीचे जीव) आणि जैवविविधता अजून आहेत, आणि त्यांचे गुण सरावानं पदरात पडणारे आहेत. तिथं तुमची मुलगी आताच वर्गाच्या पुढं असेल. आणखी एक. बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा बोर्डाचा सक्तीचा विषय आहे आणि त्यात प्रकल्प करावाच लागतो. तुम्ही कुलपात ठेवलाय तो बहुधा तिचा बोर्डाचा प्रकल्पच आहे.

'यात करिअर नाही' हे मी तिला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. उलट टोकाचं, 'पर्यावरणाची पदवी घेतली की नोकरी दारात', हेही सांगणार नाही. माझं मत विचाराल तर थेट पर्यावरणाच्या पदवीपेक्षा रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात भक्कम बीएस्सी करावी आणि मग एमएस्सीला पर्यावरणशास्त्र घ्यावं. शिवाजी विद्यापीठात तो विभाग आहे. वनसेवा, पर्यावरण अभियांत्रिकी या वाटा वेगळ्या, त्यांची माहिती कुठंही मिळेल. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानं कारखान्यांना सांडपाणी शुद्ध करूनच सोडावं लागतं, आणि ते तपासायला माणूस लागतोच. शिरोलीच्या फाउंड्र्यांपासून इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसपर्यंत. डॉक्टर व्हायचं की नाही, हे अजून तिनं ठरवायचंय. कदाचित तिला दोन्ही हवं असेल. आपल्याला ठाऊक नाही, कारण तिला कुणी विचारलेलंच नाही.

आज रात्री कपाट उघडा. वही परत देताना भाषण नको, 'पण आधी नीट' अशी अटही नको. तुमचं ताट घेऊन वर जा. वहीत ऑक्सिजनचे आकडे असतील, तर पहाटेचे आणि दुपारचे वेगळे लिहिलेत का, एवढं विचारा. पहाटे आकडा कमी येतो. का, ते ती सांगेल.