‘अनलिमिटेड’ सिम असूनही दुपारनंतर नेट का रखडतं?

प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळ समुद्राकाठी तीन खोल्यांचं निवास-न्याहारीचं घर. राऊटरमध्ये ‘अनलिमिटेड’ सिम, रोज २ जीबी आणि ५जी अमर्याद. दुपारनंतर नेट रखडतं, रात्री पाहुणे वैतागतात. डेटा बूस्टर (जादा डेटाचं रिचार्ज) मारला की कधी सुधारतं, कधी नाही. जास्त वापरणाऱ्यांचा वेग कंपन्या मुद्दाम कमी करतात का?

हो, करतात. पण तुमच्याकडे जे चाललंय ते सगळंच त्यामुळे नाही. बूस्टरने कधी सुधारतं आणि कधी नाही, याचा अर्थ तुमच्या घरात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच गोळी घेताय. दुपारचं रखडणं मला कोटा संपल्याचं वाटतं, रात्रीचं टॉवरवरच्या गर्दीचं. एकात बूस्टर लागू पडतो, दुसऱ्यात ते पैसे पाण्यात जातात.

आधी राऊटर बघा. तो ४जीचा असेल तर ‘अमर्याद ५जी’ तुमच्यासाठी नाहीच. आपल्याकडच्या अमर्याद ५जीचा अर्थ इतकाच, की फोन ५जीवर असताना वापरलेला डेटा मोजत नाहीत. ४जीवर आलात की रोजचा कोटा खर्च व्हायला लागतो. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलने ही सोय रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरती ठेवली आहे. फोनवरसुद्धा यात फसगत होते. जांभ्याच्या जाड भिंतींच्या माजघरात फोन ४जीवर उतरतो, खळ्यात आलं की ५जी पकडतो. कोटा संपल्यावर घरात मेसेज जाईना आणि खळ्यात उभं राहिलं तर व्हिडिओ पळतोय, असं दिसलं तर कारण हेच. फोनच्या प्लॅनच्या अटींत बहुधा ‘वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापर’ असंही लिहिलेलं असतं. पाहुण्यांना नेट देणं त्यात बसत नाही, हे लक्षात असू द्या.

आता वेग कमी कसा करतात ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मे निरुपयोगी उपाय आपोआप गळतात. तुमचा डेटा टॉवर मोजत नाही. मोजणी कंपनीच्या मुख्य जाळ्यात, गेटवेवर होते, म्हणजे तुमचा सगळा डेटा ज्यातून इंटरनेटवर जातो त्या नाक्यावर. सिम नेटवर्कला जोडलं जातं तेव्हा त्या जोडणीला एक कमाल वेग ठरवून दिलेला असतो. गेटवेने कळवलं की कोटा संपला, की धोरण ठरवणारा सर्व्हर हुकूम सोडतो आणि तो कमाल वेग खाली येतो. बहुतेक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसवर, बीएसएनएलच्या अनेक प्लॅनमध्ये ४० वर. त्यामुळे फोन बंद-चालू करा, सड्यावर जाऊन दुसरा टॉवर पकडा, एपीएन (फोनमधली नेट-जोडणीची सेटिंग) बदला, व्हीपीएन लावा, काही फरक पडत नाही. तुम्ही कुठेही गेलात तरी वाट कंपनीच्या गेटवेतूनच जाते. कोटा रात्री १२ला नव्याने सुरू होतो. त्यानंतर किंवा बूस्टर मारल्यावरही वेग येत नसेल तर जुनीच जोडणी चालू राहिलेली असते. विमान मोड १० सेकंद चालू ठेवून बंद करा. राऊटर असेल तर वीज काढून पुन्हा लावा. मगच कंपनीला फोन करा.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. १ एमबी यायला दोन मिनिटं. व्हॉट्सअ‍ॅपवर लहान करून आलेला १५० केबीचा फोटो पाऊण मिनिटाच्या आत उतरेल, पण मूळ आकारातला ३ एमबीचा फोटो सहा मिनिटं घेईल. तेही त्या वेळी दुसरं काहीच चालू नसेल तर. आणि चालू नसतं असं होतच नाही. पाहुण्याच्या फोनमध्ये मागे फोटोंचा बॅकअप सुरू असतो, दुसऱ्याच्या फोनमध्ये अ‍ॅप अपडेट होत असतात. सगळे त्या ८ किलोबाइटच्या रांगेत उभे. म्हणून यूपीआयचं पेमेंट, जे खरं तर काही किलोबाइटचंच काम आहे, तेही अडकतं. अशा वेळी बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावून पैसे पाठवता येतात, त्याला नेट लागत नाही.

रात्रीचं दुखणं वेगळं. टॉवरच्या एका दिशेला १० मेगाहर्ट्झचा ४जी पट्टा असेल तर कागदावरचा कमाल वेग ७५ एमबीपीएस. हा वेग टॉवरच्या पायथ्याशी, एकटा माणूस वापरत असताना मिळणारा. प्रत्यक्षात जवळचे-लांबचे सगळे धरून त्या दिशेला सरासरी १५ ते २० एमबीपीएस हाती लागतात. एकाच वेळी ३० जण व्हिडिओ बघत असले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण. आगरात पाटाचं पाणी पाळीने घेतात तसंच हे, फक्त इथे पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाची. त्यात लांबच्या, आडोशाच्या घरातला फोन तेवढाच डेटा न्यायला जास्त वेळ पाट अडवून धरतो, कारण कमकुवत सिग्नलवर माहिती सावकाश पाठवावी लागते. गणपतीत चाकरमानी आले, मे महिन्यात घरं भरली, की वाडीतल्या माणसांची संख्या काही दिवसांत कित्येक पट होते. टॉवर तेवढाच राहतो. इथे कोणी तुमच्यावर डूख धरलेला नाही आणि कोटाही संपलेला नाही. बूस्टर मारून पाळी लवकर येत नाही.

जास्त वापरणाऱ्याला याच गर्दीत मुद्दाम मागे ठेवण्याचीही एक पद्धत आहे. ती अमेरिकेत उघडपणे चालते. तिथल्या कंपन्यांनी महिन्याला २२ जीबी, पुढे टी-मोबाइलने २०१७ मध्ये ५० जीबी, असे आकडे लावले. त्यापुढे गेलेल्या ग्राहकाची पाळी टॉवरवर गर्दी असेल तेव्हाच मागे पडते, टॉवर मोकळा असेल तर वेग पूर्ण. त्याआधी एटी अँड टी थेट वेगच कापत असे. ‘अनलिमिटेड’ विकून काही ग्राहकांना २ जीबीनंतरच रखडवल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये तिच्यावर खटला भरला आणि २०१९ मध्ये तो ६ कोटी डॉलरवर मिटला. २०१८ च्या वणव्यात तर कॅलिफोर्नियातल्या एका अग्निशमन दलाच्या समन्वय गाडीचा डेटा व्हेरायझनने मर्यादा संपली म्हणून आवळला होता. कंपनीने नंतर चूक मान्य केली. शब्द ‘अमर्याद’ आणि वागणूक मर्यादेची, हे मला साफ चुकीचं वाटतं, मग देश कोणताही असो.

आपल्याकडे नियम थोडा वेगळा आहे. केंद्राने जुलै २०१८ मध्ये मान्य केलेल्या नेट-समानतेच्या तत्त्वांनुसार एखादंच अ‍ॅप किंवा साइट निवडून मंद करता येत नाही. कोटा संपल्यावर सगळंच मंद करता येतं, पण प्लॅनमध्ये ते लिहिलेलं हवं. २०२० मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने महागड्या प्लॅनवाल्यांना जास्त वेग देण्याच्या योजना आणल्या, तेव्हा ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्या थांबवायला सांगितल्या होत्या.

ओळखायचं कसं? कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आजचा उरलेला डेटा बघा. ५०, ९० आणि १०० टक्के वापरावर येणारे एसएमएस राऊटरमधल्या सिमवर येतात आणि कोणी वाचत नाही. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर एसएमएसचा कप्पा असतो, तो उघडा. मग ट्रायच्या मायस्पीडवर किंवा दुसऱ्या कुठल्या वेग-चाचणीवर पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजा. तिन्ही वेळा ०.०६ एमबीपीएसच्या आसपास, जणू पट्टीने आखल्यासारखा आकडा आला तर कोटा. ०.४, मग ३, मग १.२ असा उड्या मारणारा आकडा आला तर गर्दी. पहाटे ५ला हेच मोजलं आणि २० मिळाले, तर गर्दीबद्दल शंका उरत नाही. वेग चांगला असताना मात्र चाचणी जपून करा, एकेक चाचणी सहज ५०-१०० एमबी खाते.

याहून पक्की चाचणी म्हणजे त्याच कंपनीचं, कोटा शिल्लक असलेलं दुसरं सिम त्याच जागी, त्याच वेळी, त्याच राऊटरमध्ये घालून बघणं. ते पळालं तर दोष तुमच्या सिमच्या कोट्याचा. तेही रखडलं तर टॉवरचा किंवा जागेचा.

टॉवर की जागा, हे सिग्नलच्या आकड्यावरून कळतं. दांड्यांवर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइडमध्ये ‘फोनविषयी’ खाली सिमची स्थिती उघडली की उणे चिन्हाचा डीबीएम आकडा दिसतो, राऊटरमध्ये तो आरएसआरपी नावाने असतो. -८५ ते -९५ असेल तर उत्तम, -११० खाली कमकुवत, -१२० म्हणजे जेमतेम धुगधुगी. आणखी एक खूण: डाउनलोड बरं पण अपलोड मरतंय, तर जागेचा दोष. टॉवर मोठ्याने बोलतो, तुमच्या फोनची ताकद मात्र वॉटच्या पाचव्या भागाएवढी, त्यामुळे आधी त्याचाच आवाज पोचेनासा होतो. उलट सिग्नल -८५ आणि तरीही डाउनलोड रडतंय, तर गर्दी. पावसाळ्यात यात तिसरं कारण मिसळतं. इथल्या काही टॉवरना फायबर नसते, ते मायक्रोवेव्हच्या तबकडीने पुढच्या टॉवरला जोडलेले असतात. धो धो पाऊस लागला की ती जोडणी तुटू नये म्हणून आपला वेग स्वतःच उतरवते. सिग्नल पूर्ण, कोटा शिल्लक, वाडीत कोणी नाही, तरी नेट नाही, आणि पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासात सगळं सुरळीत, असं झालं तर ते हेच.

तुमच्या घरासाठी मी काय करेन ते सांगतो. आधी हिशोब. तीन खोल्यांत सहा फोन धरा. ४८० दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो, १०८० चा दीड ते तीन. २ जीबी दुपारपर्यंत टिकतात हेच विशेष. त्यात दारावरचा कॅमेरा कायम क्लाउडवर चित्र पाठवत असेल तर १ एमबीपीएसच्या धारेने तासाला ४५० एमबी, म्हणजे दिवसाला जवळपास ११ जीबी लागतात. मुंबईहून घर किंवा कलमांची बाग बघायला सिमवाला कॅमेरा लावलेल्या कितीतरी जणांचा कोटा असाच संपतो आणि ते कंपनीला बोल लावतात. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका, हालचाल झाली तरच नोंद असं ठेवा, आणि दुरून बघताना कमी दर्जाची धार निवडा.

राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय नाव करा आणि दर फोनला २ एमबीपीएसची मर्यादा घाला. अनेक राऊटरमध्ये ही सोय असते. त्यात व्हिडिओ ४८० वर नीट चालतो आणि एकाच्या बॅकअपने दुसऱ्याचं बुकिंग अडत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर ते वायफाय ‘मर्यादित जोडणी’ म्हणून नोंदवा, म्हणजे विंडोजचे अपडेट आपोआप उतरणार नाहीत.

सिग्नल कमी असेल तर एकाच दिशेला रोखायचा बाहेरचा अँटेना लावता येतो, पण राऊटरला त्याची दोन तोंडं हवीत. दोन अँटेना, एक डावीकडे ४५ अंश तिरका, दुसरा उजवीकडे, दोन्ही टॉवरकडे रोखलेले. माडा-पोफळींच्या झावळ्यांतून नको, वरून दिशा मोकळी हवी. केबल २-३ मीटरच्या पुढे नेऊ नका. १० मीटरची पातळ केबल अँटेनाने कमावलेलं सगळं वाटेतच खाते. त्यापेक्षा राऊटरच पोटमाळ्यावर न्या आणि खाली साधी लॅन केबल सोडा. खारी हवा जोडण्या वर्षात हिरव्या करते, म्हणून प्रत्येक जोडाला स्वतःवरच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि मिरगाच्या आधी एकदा उघडून बघा. बाजारात मिळणारा ‘सिग्नल बूस्टर’ मात्र लावू नका. परवानगीशिवाय तो बेकायदा आहे आणि टॉवरच्या कानात गोंगाट ओतून अख्ख्या वाडीचं नेट बिघडवतो.

पण व्यवसायासाठी खरा उपाय फायबर. तुमच्या रस्त्यावर बीएसएनएलची किंवा स्थानिक केबलवाल्याची लाइन आली असेल तर आजच चौकशी करा. तिथेही ‘अनलिमिटेड’ला मर्यादा असते, साधारण महिन्याला ३,३०० जीबी, आणि जिओच्या एअरफायबरला १,००० जीबी. १,००० म्हणजे दिवसाला ३३, तुमच्या सहा फोनांना आणि कॅमेऱ्याला बेताने पुरतील. मोबाइल सिम दुसऱ्या कंपनीचं, जोड म्हणून ठेवा, एका टॉवरची वीज गेली तर दुसरा चालू असू शकतो.

तक्रार करायची तर १९८ वर करा आणि नोंद क्रमांक घ्या. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर फोन बंद-चालू करा असं उत्तर मिळेल. त्याऐवजी तीन दिवसांच्या तारखा, वेळा, उरलेला डेटा, डीबीएम आणि मोजलेला वेग कागदावर घेऊन बसा, आणि एकच प्रश्न विचारा: या क्षणी माझ्या नंबरवर किती कमाल वेग लावलेला आहे? उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.