लाइन ठेवायची की काढायची?

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलावर रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत. दंडात पिक लाइन आहे, म्हणजे औषधं द्यायला शिरेतून आत मोठ्या शिरेपर्यंत सरकवलेली बारीक नळी. मागच्या आठवड्यात वॉर्डात लाइन फ्लश केली (सलाइन ढकलून धुतली) आणि अर्ध्या तासात त्याला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, ताप १०३. डॉक्टरांनी एकदा लाइनमधून आणि एकदा दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, अँटिबायोटिक सुरू केलं, पण लाइन ठेवली. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची मात्र दुसऱ्याच दिवशी काढली. सासूबाई म्हणतात, जंतू आहेत तर काढून टाका ना! दोनदा का टोचलं? आणि अंघोळ घालताना पट्टी ओली झाली होती, माझ्यामुळे तर झालं नाही ना?
— एक आई, मुलुंड

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. पट्टी ओली झाली तर लगेच बदलून घ्यायची, हे खरं. पण फ्लशनंतर अर्ध्या तासात हुडहुडी भरली, म्हणजे जंतू बहुधा नळीच्या आत होते. आत ते बरेचदा नळीच्या बाहेरच्या टोकावरच्या टोपणातून शिरतात, आणि त्या टोपणाला दिवसभरात किती हात लागतात ते तुम्ही पाहिलंच आहे. दोष स्वतःकडे घेऊ नका.

दोनदा रक्त घेतलं ते योग्यच केलं. रक्ताच्या दोन्ही बाटल्या एकाच वेळी जंतू वाढतात का हे बघणाऱ्या मशिनमध्ये ठेवतात. याला कल्चर म्हणतात. लाइनमधल्या रक्तात जंतू हातातल्या रक्तापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढलेले दिसले, तर मूळ लाइनमध्येच आहे असं आम्ही धरतो.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते चुकीचं नाही, पण जंतू कोणता हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्वचेवर राहणारे काही सौम्य स्टॅफ जातीचे जंतू असतात. मूल स्थिर असेल तर तिथे लाइन वाचवायचा प्रयत्न करता येतो. स्टॅफ ऑरियस, स्युडोमोनास हे जास्त त्रासदायक जंतू किंवा कॅन्डिडा ही बुरशी निघाली, किंवा बीपी ढासळलं, तर सहसा लाइन काढावीच लागते. शेजारच्या मुलीचं असंच काही असेल.

मी निवासी डॉक्टर असताना एका बाळाच्या शिरा मिळेनात, म्हणून कॅन्डिडाचा रिपोर्ट हातात असूनही आम्ही चार दिवस लाइन तशीच ठेवली. बाळ वाचलं. पण त्या चार रात्री त्याच्या आईने जे पाहिलं, ते टाळता आलं असतं. तेव्हापासून रिपोर्ट आला की मी पहिलं जंतूचं नाव वाचते.

लाइन ठेवली की नुसतं सलाइनमधून औषध पुरत नाही. पावसाळ्यात मोरीत शेवाळ धरतं ना, तसा जंतूंचा बुळबुळीत थर नळीच्या आतून धरतो, आणि वाहतं औषध त्यावरून निघून जातं. म्हणून कडक अँटिबायोटिक नळीत भरून काही तास तसंच ठेवतात. याला लॉक म्हणतात. तुमच्या मुलाला लॉक देतायत का, हे राउंडला विचारा. पुन्हा केलेलं कल्चर कधी स्वच्छ आलं, तेही विचारा, कारण औषधाचे दिवस त्या तारखेपासून मोजतात. सौम्य स्टॅफला साधारण १० ते १४ दिवस लागतात. योग्य औषध तीन दिवस देऊनही रक्तात जंतू दिसत राहिले, तर लाइनचा मोह सोडायचा.

घरी गेल्यावर ताप १००.४ किंवा वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी टॅक्सी करून निघा. पांढऱ्या पेशी कमी असताना तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं.

आणि वॉर्डात लाइनला हात लावण्याआधी टोपण स्पिरिटच्या स्वॅबने निदान १५ सेकंद घासायचं असतं, मग ते सुकू द्यायचं. आकडे मुलाकडूनच मोठ्याने मोजून घ्या. पाच वर्षांचं मूल मोजत असलं की कुठल्याही सिस्टर सातवर थांबत नाहीत.