खोक्यातला सरडा आणि उरलेले सहा दिवस

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि तारीख एकही नाही. ती मला तुम्ही जोडलेल्या यूपीआयच्या स्क्रीनशॉटवरून शोधावी लागली. चौदा हजार रुपये गेले, शेरा ‘फिश टँक’. त्या दिवसापासून मोजलं तर मी हे लिहितेय तो चोविसावा दिवस आहे. तुमच्या प्रकरणात बाकी सगळं या आकड्याच्या मागे उभं आहे.

इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात. सांगलीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या हट्टापायी ऑनलाइन ओळख झालेल्या विक्रेत्याकडून शॅमेलिऑनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं, पिल्लू घेतलं. विक्रेत्याचा व्हॉट्सॲप मेसेज असा: ‘ओरिजिनल येमेन, इंडियन नाही, पेपर लागत नाही.’ पिल्लू पैसे दिल्यावर दोन दिवसांनी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं बुटाच्या खोक्यात आलं. आता सोसायटीतले शेजारी वनखात्याला कळवायची धमकी देतायत. पिल्लाचे पाय थरथरतात, वाटीतलं पाणी ते पीत नाही. प्रश्न असे: शेजारी काही करू शकतात का? पिल्लाला काय खायला द्यावं? पैसे परत मिळतील का? आणि नाहीच जमलं तर गावच्या शेतात सोडून द्यावं का?

असं पत्र मला दर दोन महिन्यांनी येतं. फक्त प्राणी बदलतो. कधी इग्वाना असतो, कधी तारा कासव, कधी मकाव. ‘विदेशी आहे म्हणजे चालतं’ हे वाक्य मात्र प्रत्येक पत्रात असतं. ते २०२२ पर्यंत अर्धंमुर्धं खरं होतं. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्यामुळे साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या जातींची वेगळी अनुसूची कायद्यात आली. येमेनी शॅमेलिऑन त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पाळायला बंदी नाही. पण कलम ४९एम खाली त्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू हे सगळं कळवावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिने मिळाले. त्यानंतर घेणाऱ्याला ताबा आल्यापासून तीस दिवस. नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करायची.

तीस दिवस. तुमचे चोवीस गेलेत.

ताबा म्हणजे खोकं हातात आलं तो दिवस, पैसे दिले तो नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. म्हणजे आणखी दोन दिवस मिळतील. मी ते मोजणार नाही, तुम्हीही मोजू नका. ज्या युक्तिवादाची गरजच पडू द्यायची नाही तो आधीपासून जवळ बाळगण्यात शहाणपण नसतं.

आता मला खरी भीती कशाची वाटते ते सांगते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पिल्लू तुमच्या अंगठ्यावर बसलंय. शेपटी नखाभोवती गुंडाळलेली, एक डोळा कॅमेऱ्याकडे आणि दुसरा छताकडे. गोड आहे. पण ते येमेनी आहे हे मला त्यावरून कळत नाही आणि तुम्हालाही कळलेलं नाही. वाढलेल्या येमेनी नराच्या डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा असतो, तो कुणालाही ओळखता येतो. इतक्या लहान पिल्लाचा तुरा मुळात बसकाच असतो. आपल्याकडचा शॅमेलिऑन, ज्याला आपण घोयरा सरडा म्हणतो, त्याचा तर मोठेपणीही बसकाच. हा घोयरा महाराष्ट्राच्या माळरानात, बांधाच्या झुडपात सापडतो. पकडायला पैसे पडत नाहीत. दोन-तीनशे रुपयांत कुणाकडून तरी पकडून घ्यायचा आणि ‘येमेन’ म्हणून चौदा हजारांना विकायचा, हा धंदा करायला फार अक्कल लागत नाही.

आणि ते पिल्लू घोयऱ्याचं निघालं, तर तीस दिवसांचा नियम तुमच्या उपयोगाचा नाही. तो संरक्षित देशी वन्यप्राणी आहे, म्हणजे कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. अशी मालमत्ता कुठल्याही मार्गानं हातात आली तर अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. ते अठ्ठेचाळीस तास तुमच्या मुलीनं पिल्लाचं नाव ठरवण्यात गेले.

म्हणून पहिलं काम जात ओळखून घेण्याचं. आज, उद्या नव्हे. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे जा. पिल्लाची तब्येत पाहता तिथे तसंही जायचंच आहे. त्यांना केस पेपरवर जात लिहायला सांगा. ते साशंक असतील तर डोक्याचा वरून आणि बाजूनं, गळ्याखालचा आणि पोटाच्या रेषेचा असे स्वच्छ फोटो काढून आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राला विचारा. डॉक्टरकडे गेलो तर बिंग फुटेल, अशी भीती तुमच्या पत्रात दोनदा आलीय. उलट आहे. तारखेचा केस पेपर हा तुमच्या बाजूचा पहिला कागद ठरेल, कारण आत्ता तुमच्याकडे ‘फिश टँक’ सोडून दुसरा कागद नाही. आणि आजारी जनावर उपचाराविना ठेवलं तर प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा वेगळा उभा राहतो.

घोयरा निघाला तर पुढचं सरळ आहे, सोपं नसलं तरी. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात वकिलाला घेऊन जा. लेखी अर्ज द्या: कुणाकडून, कधी, किती पैशांना, काय सांगून विकला, आणि आज डॉक्टरांनी काय ओळखलं. मेसेज आणि पावती जोडा, पिल्लू सुपूर्द करा, पोच घ्या. ऑफिस सापडेना तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, पण फोनवर सांगितलेल्याची पोच मिळत नाही हे लक्षात ठेवा. गुन्हा नोंदवला जाईल की नाही, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. स्वतःहून आलेला, फसवला गेलेला, विक्रेत्याचा नंबर देणारा माणूस आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून घरात सापडलेला माणूस, यांच्याकडे अधिकारी एकाच नजरेनं बघत नाहीत, एवढा माझा अनुभव. ज्या गुन्ह्याला कायद्यानं किमान कैद ठरवलेली नाही, तिथे कलम ५४ खाली तडजोडही होऊ शकते. ज्याला आहे, तिथे नाही. शिक्षेचे आकडे जात लेखी हातात आल्यावर बोलू.

येमेनीच निघाला, तर परिवेशवर नोंद करा आणि खरं तेच लिहा. इथे काही वकीलमित्र माझ्याशी भांडतील. उगमाचे कागद नसताना अर्ज करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, असं त्यांचं म्हणणं. अर्ज नाकारला जाऊ शकतो, पिल्लू जप्त होऊ शकतं, हे मलाही मान्य आहे. पण कलम ५७ वाचा. प्राणी तुमच्या ताब्यात आहे एवढं सिद्ध झालं की तो ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरतात आणि उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. गप्प बसून ते ओझं हलकं होत नाही. ‘तीन वर्षं कुणी बोललं नाही तर मुदत संपेल’ असंही तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ताबा चालू आहे तोवर गुन्हाही चालूच आहे असं सरकारी पक्ष म्हणेल, आणि चालू गुन्ह्याची मुदत रोज नव्यानं सुरू होते.

आता त्या विक्रेत्याच्या नव्या मेसेजविषयी. तो वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. ‘तीन हजार जादा द्या, २०२० च्या स्कीमचा पेपर करून देतो.’

ती योजना खरी होती. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ते जाहीर करायला सहा महिने दिले, आणि त्या मुदतीत जाहीर करणाऱ्याला उगमाचे कागद मागितले नाहीत. पण जरा हिशेब करा. तुमचं पिल्लू, तुम्हीच लिहिता तसं, तीन-चार महिन्यांचं आहे. २०२० मध्ये ते अंड्यातही नव्हतं. ज्याचा जन्म व्हायचा होता ते कुणी जाहीर केलं? त्या योजनेतला कागद खरा असला तर तो फार तर त्याच्या आईबापाचा असेल. मग विक्रेत्याकडे आईबापाची नोंद, पिल्लाच्या जन्माची खबर आणि तुम्हाला केलेल्या हस्तांतरणाची नोंद, अशी साखळी हवी. त्याला एवढंच विचारा. साखळी असेल तर तो तीन हजार न घेता पाठवेल. नसेल तर पिल्लू कुठून आलं हे वेगळं सांगायला नको. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून मुंबई विमानतळावर कस्टम्सला काय काय सापडतं ते तुम्ही पेपरात वाचत असालच. जुन्या तारखेचा कागद मात्र घेऊ नका. आत्ता तुम्ही फसलेले ग्राहक आहात. तो कागद अर्जाला जोडलात की बनावट दस्तऐवज वापरणारे व्हाल, आणि मग तुमची बाजू मांडायला मला तरी बोलावू नका.

पिल्लाची काळजी हा माझा विषय नाही. पण अशा केसेसमुळे डॉक्टरांशी जेवढं बोलणं झालंय तेवढं सांगते, बाकी डॉक्टरांवर. हे प्राणी साचलेलं पाणी बहुधा ओळखतच नाहीत. पानांवरचे थेंब चाटतात. वाटी काढा, पानांवर बारीक फवारा मारा. पाय थरथरणं हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. फोटोत दिसणारा पिवळा बल्ब ऊब देतो, अतिनील किरण देत नाही. आणि काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हातही ते जवळजवळ उरत नाहीत. यूव्हीबी दिवा वेगळा मिळतो. स्वयंपाकघरातली झुरळं देताय ती आजपासून बंद, त्यांच्या अंगावर कसला स्प्रे आहे ते कुणाला माहीत? पाळलेले लहान रातकिडे, कॅल्शियमची पूड लावून. मुलीला सांगा, हातात कमी घे. आणि ते दगावलंच, तर कुंडीत पुरून मोकळं होऊ नका. डॉक्टरांकडून लेखी घ्या. मेलेल्या प्राण्याचाही हिशेब मागतात.

शेतात सोडायचं का? नाही. येमेनी असेल तर परका प्राणी रानात सोडल्याचं पाप. फ्लोरिडात आणि हवाईत असेच आलेले शॅमेलिऑन आता तिथलेच होऊन बसलेत. घोयरा असेल तर पाय थरथरणारं पिल्लू उन्हात मरेल, आणि तुम्ही ते स्वतःहून दिलं हे सांगायला काहीच उरणार नाही.

पैशांचं विसरा. ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं हे खरं, पण कायद्यालाच मान्य नसलेल्या सौद्यातले पैसे परत मागायला कुठल्या तोंडानं उभं राहणार? विक्रेत्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार करा, ती वनखात्याकडच्या अर्जासोबतच. शेजारी तक्रार करू शकतात. कुणीही करू शकतं. त्यांच्याशी भांडण्यात यातला एकही दिवस घालवू नका.

माझ्याकडे तारा कासवाची एक केस होती. आरोपपत्र दाखल झाल्यापासून पहिला साक्षीदार तपासायला सहा वर्षं गेली. अशिलाचा मुलगा, ज्याच्यासाठी कासव आणलं होतं, तो तोवर इंजिनिअरिंगला गेला. तारखेला बाप एकटाच यायचा, अर्धा दिवस रजा टाकून. कोर्ट सहा वर्षं घेऊ शकतं. तुम्हाला सहा दिवसच आहेत, आणि त्यातला एक रविवार आहे. तो वगळून मोजू नका, पोर्टल रविवारीही चालतं.

आणखी एक. बुटाचं ते खोकं टाकून दिलं नसेल अशी आशा करते. त्यावर ट्रॅव्हल्सच्या पार्सलची चिठ्ठी असेल, तिच्यावर पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख. फोटो काढून मला पाठवा, आणि खोकं तसंच ठेवा.