भोळा? कशात?

"मॅडम, आमचा मुलगा फार भोळा आहे हो." समुपदेशक म्हणून महिन्यातून तीन-चार वेळा तरी हे ऐकते. मुलगा शेजारीच मान खाली घालून बसलेला असतो.

असाच एक, सांगोल्याकडचा (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). वय तेवीस, पुण्यात पहिली नोकरी. फोटो बघून खोली पसंत केली, फोनवरच्या 'मालकाला' अठरा हजार पाठवले. पुढे ना मालक, ना खोली. आई म्हणे, "भोळा सांब आहे." त्यालाही ते पटलेलं. एटीएम कार्ड वडिलांच्या हवाली करून मोकळा झाला होता.

तीन भेटी आम्ही 'भोळा'भोवतीच घुटमळलो. चौथ्या वेळी सहज विचारलं, "घरचे बैल कोण घेतं?"

"मीच. बाजारात जातो."

"इसार कधी देतोस?"

"दात बघतो, चालवून बघतो, मग." एकदम थांबला. "खोलीचा इसार न बघताच दिला की."

"मग बाजारात भोळेपणा कुठे जातो?"

बराच वेळ गप्प. मग हसला. "खोलीच्या व्यवहारात मी आदत आहे, मॅडम."

हा शब्द मला नवीन. त्यानेच समजावलं: दुधाचे दात न पडलेलं जनावर आदत. दोन-अडीच वर्षांचं होता होता दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. इतक्या वर्षांत मला न सुचलेली मांडणी या पोराने एका शब्दात केली! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आग्रह असे, चूक तपासा, माणसाला शिक्का मारू नका. मी त्याच वाटेची. 'भोळा' म्हटलं की स्वभाव ठरतो, विषय संपतो. 'नवखा' म्हटलं की लगेच 'कशात?' असं विचारता येतं. 'निरागस' तान्ह्या बाळासाठी राहू द्या. आणि सगळं कळूनही तपासायचंच नाही, तो भाबडेपणा. त्याच्याशी मात्र भांडावं लागतं.

म्हणून आईवडिलांनो, मुलाला भोळा म्हणालात तर पुढे 'कशात' तेही सांगा. त्याचे व्यवहार काढून घेऊ नका, शेजारी बसून करू द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. स्वभावाची चर्चा मागाहून.

कार्ड त्याने परत घेतलं. नवी खोली बघताना नळ सोडून पाहिले, लाईट बिलावरचं नाव वाचलं, मग इसार. आईचं 'भोळा सांब' अजून चालूच आहे. तो म्हणतो, म्हणू दे.