‘मृण्मयी’ नाव ठेवण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बारशाला ‘मृण्मयी’ ठेवायचं जवळजवळ ठरलंय, पण नावांच्या यादीत ‘हरणासारख्या डोळ्यांची’ असा अर्थ वाचून तू गोंधळलीस. तो अर्थ चुकीचा आहे. हरणाचा ‘मृग’ आणि इथला ‘मृद्’ यांचं पहिलं अक्षर तेवढं सारखं. मृद् म्हणजे माती. मृदा, मृत्तिका, मृद्गंध हे शब्द त्याच घरातले. त्याला ‘मय’ हा प्रत्यय आणि स्त्रीलिंगाचा ‘ई’ लागला की होते मृण्मयी, म्हणजे मातीने घडलेली. श्रीसूक्तातली लक्ष्मी हिरण्मयी, सोन्याची. तशीच ही मातीची. मृणाल आणि मृणालिनीचाही हिच्याशी संबंध नाही, ती कमळाच्या देठावरून आलेली नावं.

घरातलं वडीलधारं कुणी ‘मातीची कसली मुलगी?’ म्हणालं, तर त्यांना बंगालची दुर्गा सांग. तिथे देवीच्या मातीच्या मूर्तीला मृण्मयी म्हणतात आणि तिच्यातल्या चैतन्याला चिन्मयी. बांकुडा जिल्ह्यातल्या विष्णुपूरला मल्ल राजांची कुलदेवता मृण्मयी या नावानेच पुजली जाते. अर्थाच्या बाजूने या नावात कमीपणा शोधूनही सापडायचा नाही.

आता ‘ण’ की ‘न’. संस्कृत व्याकरणाच्या काटेकोर हिशेबाने ‘मृन्मयी’ होतं, ऋग्वेदातही ‘मृन्मय’च आहे, आणि बंगालीत ‘न’च लिहितात. मराठीत मात्र ऋकारामागून येणारा ‘ण’ इतका रुळलाय की ‘मृण्मयी’ला कुणी अशुद्ध म्हणणार नाही. माझं मत विचारशील तर ‘ण’ घे. आपल्याकडे तोंडात तोच बसलेला आहे. पण एकदा घेतलास की सगळीकडे तोच.

खरा घोटाळा होतो तो ‘मृ’चा. मराठीत आपण ऋ चा उच्चार ‘रु’कडे झुकवतो, म्हणून लिहिणारा बिनदिक्कत ‘म्रुण्मयी’ लिहितो. कानाला फरक कळत नाही, संगणकाला मात्र कळतो. ‘मृ’ म्हणजे त्याच्या लेखी दोन चिन्हं, म आणि ऋकार. ‘म्रु’ म्हणजे चार: म, हलन्त (पाय मोडल्याची खूण), र, उकार. एका यादीत एक आणि दुसरीत दुसरं पडलं की नाव शोधूनही सापडत नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर ऋकार ‘=’ या चिन्हाच्या कळीवर असतो, तो हाताखाली ठेव. दुसरी नेहमीची चूक ‘मृणमयी’, णचा पाय मोडायचा राहून जातो. बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ आलं की आधी या दोन जागा बघ.

इंग्रजी स्पेलिंगचं मूळही याच ऋ मध्ये आहे. मराठी माणूस एम-आर नंतर ‘यू’ घालतो, हिंदी भाषक ‘आय’, कारण तिकडे ऋ चा ‘रि’ होतो. शेवटी कुणी ‘आय’ लावतं, कुणी दोन ‘ई’. म्हणजे इथेच चार स्पेलिंगं झाली. मी तरी एम-आर-यू-एन-एम-ए-वाय-ई-ई घेईन. ‘यू’ने आपला उच्चार जपला जातो आणि दोन ‘ई’ दीर्घ ‘यी’ दाखवतात.

हे सगळं जन्मदाखल्याआधी ठरव. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्यात नाव लगेच घालावंच लागत नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं. तेव्हा घाईघाईत सांगून मोकळी होऊ नकोस. नाव मराठीत आणि इंग्रजीत कागदावर ठळक लिहून तो कागद नोंदणीच्या खिडकीवर दे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे त्यावरची चूक पुढे सगळीकडे पोचते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लागतं. तुझं नावही तिच्या नावालगत येणार, तेव्हा त्याचंही स्पेलिंग तपासून घे.

आधारच्या वेळी आणखी जप. इंग्रजीत नाव टंकलं की मराठी नाव आपोआप उमटतं आणि नेमकं तिथेच ‘म्रुन्मयी’ होऊन बसतं. समोरच्या पडद्यावर ते वाच आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून घे. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी टंकनाच्या चुकीवर कशाला घालवायची?

बोलण्यात हे नाव सोपं आहे. मृण्मयीने, मृण्मयीला, मृण्मयीचा. शेवटचा दीर्घ ‘ई’ कुठेच बदलत नाही. परदेशातल्या भावंडांना सुरुवातीचा ‘म्र’ जड जाईल. त्यांना ‘म्रुण-म-यी’ असं तीन तुकड्यांत शिकव, चार वेळा म्हटलं की जमतं. लाडाने मृणू किंवा मनू म्हणाल तेवढं घरात राहू दे. शाळेच्या अर्जावर मात्र पूर्ण नावच घाल.

तुझा,
काका