रात्रीच्या छायाचित्रातली धास्ती

प्रश्न : आमच्या गावाबाहेर पऱ्हाटीचे (कपाशीचे) वावर, त्याच्या धुऱ्यावर एक वठलेले झाड आणि मागे पडका वाडा आहे. पौर्णिमेच्या रात्री ट्रायपॉड लावून ३० सेकंदांचे छायाचित्र घेतले, तर ते भर दुपारचे वाटावे इतके उजळ आले. तिथे उभे राहिल्यावर जी धास्ती वाटते, ती छायाचित्रात कशी आणावी?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : चांदणे म्हणजे चंद्रावरून परतलेले ऊनच. पौर्णिमेला ते उन्हापेक्षा सुमारे ४ लाख पटींनी मंद असते. तरीही शटर पुरेसा वेळ उघडे राहिले की आकाश निळे आणि गवत हिरवे येते. आपल्या डोळ्यांना मात्र तसे दिसत नाही, कारण इतक्या अंधूक उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास थांबतात, दंडपेशींवर भिस्त राहते आणि त्यांना तांबडा रंग काळाच भासतो. म्हणून बाकी काही न बदलता शटरचा वेळ ८ सेकंदांवर आणावा, म्हणजे उजेड साधारण चतुर्थांश होईल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्राची छटा पिवळट की निळसर हे ठरवणारी सेटिंग, ३५०० केल्विनच्या आसपास ठेवावा, म्हणजे चित्र किंचित निळसर येईल, आणि नंतर रंग थोडे उतरवावेत. निळेपणा जास्त झाला, तर चित्र पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातील रात्रीसारखे दिसू लागते, हे ध्यानात असू द्यावे. मोबाइलवर काढत असाल तर नाइट मोड बंद करावा, कारण अनेक फ्रेम एकत्र करून अंधार घालवणे हेच त्याचे काम आहे.

मात्र नुसत्या अंधाराने कोणी दचकत नाही. पूर्ण काळे चित्र केवळ फसलेले वाटते. पाहणाऱ्याला एखादी ओळखीची गोष्ट स्पष्ट दिसावी आणि तिच्यापुढचे काही दिसू नये, यात खरी मेख आहे. आपल्याकडे ती सोय आयतीच आहे : पऱ्हाटीच्या ओळी पुढे ठळक ठेवाव्यात, त्या नजरेला वाड्याच्या दारापर्यंत नेतील अशी जागा निवडावी आणि दार पूर्ण काळे राहू द्यावे. त्यासाठी चंद्र डोक्यावर नको, वाड्याच्या मागच्या अंगाला आणि खाली हवा, म्हणजे लांब सावल्या कॅमेऱ्याकडे येतात. वद्य पंचमी-षष्ठीला तो रात्री दहा-अकराच्या सुमारास उगवतो, तेव्हा ही संधी मिळते. उजेड बराच कमी असल्याने शटरचा वेळ मात्र पुन्हा वाढवावा लागेल.

टॉर्च वापरायचाच असेल तर कॅमेऱ्याजवळून कधीही मारू नये. बाजूने, जमिनीलगत, क्षणभर पुरे. फिकट कपड्यातील माणूस काळ्या भिंतीपुढे निम्मा वेळ स्थिर उभा राहून चौकटीबाहेर गेला, तर तो अर्धपारदर्शक उमटतो. त्याची पाठ आपल्याकडे असावी. पांढरी साडी आणि मोकळे केस यांचे आता हसूच येते. झाडाचे म्हणाल, तर मेळघाटातील निष्पर्ण कांडोळ आपल्या फिकट खोडामुळे चांदण्यात आपोआप उठून दिसतो, पण वठलेल्या झाडाच्या फांद्या आकाशावर नुसत्या काळ्या उमटल्या तरी चालते.

जागेची पाहणी दिवसाच करावी आणि वावराच्या मालकाला सांगून जावे, कारण रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीज सोडलेली असते आणि अंधारात ती तार दिसत नाही.