बूट कुठे चावतो, ते आधी सांगा

चाकणच्या एका कारखान्यात फिटर आहे. बाहेर कायम आठ नंबर घालतो. सेफ्टी शूज आठ नंबरचेच घेतले तर करंगळी सोलून निघते, नऊचे घेतले तर टाच वरखाली होऊन फोड येतात. मधला नंबर मिळत नाही. काय करावे?

तुमची अडचण लांबीची नाही, रुंदीची आहे. साध्या बुटाचे चामडे पंधरा दिवसांत पायाप्रमाणे सैल होते. सेफ्टी शूजच्या पुढच्या टोकात मात्र लोखंडाचा किंवा फायबरचा टोप असतो आणि तो आयुष्यभर एक मिलिमीटरही सरकत नाही. ‘घाला, सैल होतील’ असे दुकानदार म्हणतो ते घोट्याजवळच्या चामड्यापुरते खरे आहे, बोटांपाशी खोटे. आपल्याकडच्या नंबरात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर लांबीचा. रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. म्हणजे करंगळीला हवी होती चार मिलिमीटर जागा आणि तुम्ही विकत घेतली टाचेमागची मोकळीक.

आधी पाय मोजा. सकाळी नको, कामाची पाळी संपल्यावर मोजा, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजलेला असतो आणि बूट त्याच पायावर चढणार आहे. कामाचे मोजे घालून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखे वजन ठेवा आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल सरळ उभी धरून आकार काढून घ्या. स्वतः वाकून काढला की वजन सरकते आणि आकार चुकतो. लांबी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत घ्या (ते बोट अंगठाच असेल असे नाही), रुंदी चवड्याच्या सर्वांत फुगीर भागावर. दोन पायांत फरक निघतोच. मोठ्या पायाचे माप धरा. आता बुटातला इनसोल बाहेर काढून त्या आकारावर ठेवा. पुढे दहा-बारा मिलिमीटर जागा उरली पाहिजे आणि चवड्याची रेघ इनसोलच्या बाहेर जाता कामा नये. जात असेल तर तो साचा (ज्यावर बूट घडवतात तो ठोकळा) तुमच्या पायाचा नाही. नंबर बदलू नका, मॉडेल बदला. काही कंपन्या त्याच नंबरात रुंद फिटिंग बनवतात, पण ते दर्शनी फळीवर नसते, मागून घ्यावे लागते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या मोजणीतही भारतीय पाय युरोपीय साच्यापेक्षा रुंद निघाले आहेत, तेव्हा दोष तुमच्या पायाकडे घेऊ नका.

दुकानात चालून पाहणे पुरत नाही. एक गुडघा जमिनीला टेकवून, मागच्या पायाची बोटे दुमडून अर्धा मिनिट बसा. फिटर दिवसातून शंभरदा असाच बसतो. टोपाची मागची कडा बोटांवर रुतली तर बूट परत करा. लांब बूट घेतला की नेमके हेच होते: बूट जिथे मोडतो ती रेषा चवड्याच्या पुढे जाते आणि कडा बोटांच्या सांध्यावर बसते.

टाच थोडीशीच उचलली जात असेल तर लेस वेगळी बांधून पाहा. सर्वांत वरच्या भोकाशी लेस समोर न नेता त्याच बाजूच्या भोकात घालून छोटा फासा ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग प्रत्येक लेस समोरच्या फाशातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. घोटा जागेवर बसतो, बोटांवर दाब येत नाही.

बुटाच्या जिभेवर एस-१, एस-३, पी, एचआरओ असे काहीबाही छापलेले असते. यातले काय बघायचे? रस्त्यावर अगदी तसेच दिसणारे बूट निम्म्या किमतीत मिळतात.

दिसतात तसेच, आत टोप असेलच असे नाही. असला तर पातळ पत्र्याचाही निघतो.

आपल्याकडचे मानक आयएस १५२९८. त्याच्या भाग २ मधला बूट म्हणजे खरा सेफ्टी शू: टोपाने २०० ज्यूलचा आघात झेलला पाहिजे. वीस किलोचे वजन साधारण एक मीटरवरून पडावे इतका तो मार. त्याखेरीज १५ किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण दीड टन वजनाचा दाब. भाग ३ मध्ये आघात निम्मा, १०० ज्यूल. भाग ४ च्या बुटाला टोप लागतच नाही. विक्रेता नुसते ‘आयएसआय आहे’ म्हणाला तर कोणता भाग, हे विचारा. मार्कजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो सरकारी मानक संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा आणि कशासाठीचा परवाना आहे ते कळते. दुकानात उभ्या उभ्या होणारे काम आहे.

अक्षरांचे थोडक्यात: एस-१ म्हणजे टोप, बंद टाच, टाचेखाली धक्का शोषणारा भाग आणि अँटिस्टॅटिक गुण (अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत सोडणारा). त्याला पी जोडला की तळात खिळा न घुसणारी पट्टी. एस-२ चे चामडे काही वेळ पाणी अडवते. एस-३ म्हणजे एस-२, शिवाय खिळ्याची पट्टी आणि खाचांचा तळ. बांधकामावर एस-३ च घ्या. सेंटरिंगच्या फळ्यांतले उभे खिळे टोपाकडे बघत नाहीत, तळातून येतात. कोरड्या, स्वच्छ असेंब्ली लाइनवर मात्र एस-३ म्हणजे उगाच जड आणि गरम बूट. तिथे एस-१ पुरतो. एचआरओ म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर टिकणारा तळ, त्याचे पुढे फाउंड्रीच्या उत्तरात.

आणि कारखान्यात हे बूट पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. स्वतःच्या खिशातून स्वस्तातले घेण्याआधी स्टोअरमध्ये मागणी टाका.

रत्नागिरीत राहतो. चांगल्या प्रतीचे सेफ्टी शूज घेऊन डब्यात ठेवले होते. तीन वर्षांनी काढून घातले तर पहिल्याच दिवशी तळाचे तुकडे पडले. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. तुमचा तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. हलका, मऊ, तेलाला टिकणारा, म्हणून बहुतेक सेफ्टी शूजना तोच असतो. त्यातला स्वस्त आणि सर्रास वापरला जाणारा प्रकार पॉलिएस्टर जातीचा. हवेतली वाफ त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडते. तुटताना आम्ल तयार होते आणि ते पुढची तोड आणखी वेगाने करते. कोकणातली दमट हवा, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंद कपाटात ठेवलेला बूट: याहून वाईट साठवण नाही. वापरातला बूट निदान वाळतो, त्याला हवा लागते.

बिघाड बाहेरून उशिरा दिसतो. चवड्यापाशी तळ वाकवून बघा. वळणावर केसासारख्या बारीक भेगा, बोटाला चिकटपणा, किंवा नखाने दाबल्यावर खळी तशीच राहणे, ही सुरुवात. पुढच्या टप्प्यात शिळ्या केकसारखा भुगा हाताला लागतो. तिथे सोल्यूशन लावून उपयोग नाही. गोंद धरतो तो वरच्या थराला, आणि तो थरच आतल्या थरापासून सुटलेला असतो.

घेताना बुटावरची उत्पादनाची तारीख वाचा. वर्ष आणि निदान तिमाही छापलेली असते. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला माल सवलतीत मिळतो तो यामुळेच. वर्षभरात वापराल तेवढेच घ्या. किनारपट्टीवर पॉलिइथर जातीचा पीयू किंवा नायट्राइल रबराचा तळ मागा. पण एक गोम आहे: खाली रबर आणि मधला मऊ थर पीयूचा असेल तर रबर शाबूत राहून मधलाच थर विरघळतो आणि अख्खा तळ सुटून हातात येतो.

कोल्हापूरजवळ फाउंड्रीत ओतकामावर आहे. लेसचे बूट चालतील का?

ओतकामाला नकोत. वितळलेल्या धातूचा थेंब गुळगुळीत चामड्यावरून ओघळून जातो, लेसच्या गाठीत आणि जिभेच्या खाचेत अडकतो. अडकला की बूट दोन सेकंदांत काढता आला पाहिजे. म्हणून बाजूला इलॅस्टिक असलेला, लेस नसलेला, घोट्याच्या वरपर्यंत येणारा बूट घ्या आणि त्यावर चामड्याचे लेगगार्ड चढवा. पॅन्ट बुटावरून बाहेर सोडा, आत खोचू नका. खोचली की बुटाचे तोंड नरसाळे होते. पॅन्ट टेरिकॉटची नको, ती वितळून कातडीला चिकटते.

तळावर एचआरओ हे चिन्ह हवेच: ३०० अंशांवर एक मिनिट टेकवून घेतलेली ती चाचणी आहे. पीयू तिथे टिकत नाही, नायट्राइल रबर टिकते. शिलाईचा दोराही विचारा. साधा पॉलिएस्टरचा दोरा ठिणग्यांनी वितळतो आणि चांगल्या चामड्याचा बूट शिवणीतून उसवतो. ओतकामासाठीच्या बुटात केव्हलारसारखा न वितळणारा दोरा असतो. जाळीचे ‘स्पोर्टी’ सेफ्टी शूज भट्टीच्या आसपासही नेऊ नका.

वायरमन आहे. बुटावर अँटिस्टॅटिक लिहिले आहे, म्हणजे शॉक लागणार नाही ना?

लागू शकतो. अँटिस्टॅटिक बूट वीज अडवण्यासाठी नसतो, अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार हळूहळू जमिनीत सोडण्यासाठी असतो. त्याचा रोध मुद्दामच १०० किलोओहम ते १००० मेगाओहम या पट्ट्यात ठेवलेला असतो, आणि घामाने ओला झाला की तो आणखी उतरतो. तुम्हाला विद्युतरोधक म्हणून वेगळा तपासलेला बूट हवा. अमेरिकी मानकात त्याला ईएच म्हणतात आणि चाचणी १८,००० व्होल्टवर, एक मिनिट, कोरड्या स्थितीत होते. तळात लोखंडी चिप किंवा खिळा रुतलेला असेल तर त्या बुटाचा भरवसा संपला. आणि बूट कितीही चांगला असला तरी आधी पुरवठा बंद, मग टेस्टरने खात्री, मग हात.

भातशेती आणि थोडा ऊस आहे. सापाच्या भीतीने गमबूट घ्यायचे आहेत, पण उकाड्यात पाय कुजतात.

गमबूट घ्याच. शेतात साप बहुतेक वेळा पावलाला, घोट्याला, पोटरीच्या खालच्या भागात चावतो आणि तेवढे गमबूट झाकतो. पीव्हीसीचे (आयएस १२२५४) स्वस्त असतात, रबराचे (आयएस ५५५७) जास्त लवचीक. उंची गुडघ्याच्या थोडी खाली, ३५ सेंटिमीटरच्या आसपास. पोटरीशी तोंड फार ढगळ नको, नाहीतर पाणी आत येते आणि चिखल बूट ओढून ठेवतो. लावणीच्या गुडघाभर चिखलात गमबुटाने काम होत नाही हे खरे आहे, तिथे कोणी हट्ट धरू नये. बांधावर, कापणीला, उसात पाला काढताना आणि रात्री पाणी द्यायला जाताना मात्र ते हवेतच. घोणस, फुरसे, मण्यार यांची गाठ तिथेच पडते. तरीही चावलाच तर बांधाबांध, कापाकापी न करता थेट दवाखाना.

पायावर चिरा, भेगा असतील तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोचाही (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) धोका असतो. बूट ते पाणी बाहेर ठेवतो, पण वरून आत गेलेले पाणी तसेच ठेवून काम करत राहिलात तर उलट तोटा. कोयत्यापुढे पीव्हीसी टिकत नाही, हेही ध्यानात असू द्या. पोटरीपर्यंत येणारे सुती मोजे घाला, दुपारी बदला. रात्री बूट खुंटीवर उलटे टांगा आणि घालण्याआधी जोरात आपटून झटका. विंचवाला गमबूट फार आवडतो.

पावसाळ्यात बूट रोज भिजतात, कुबट वास येतो, बोटांत चिखल्या होतात. चुलीजवळ वाळवले तर चामडे कडक झाले.

चूल, बॉयलर, कडक ऊन, तिन्ही नकोत. ओले चामडे झटकन तापले की आकसते, ठिसूळ होते आणि तळाचा गोंद सुटतो. इनसोल काढा, लेस सैल करून जीभ पुढे ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि मग बूट पंख्याच्या वाऱ्यात आडवे ठेवा. एका रात्रीत पूर्ण वाळत नाहीत, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरणे हाच खरा इलाज. पूर्ण वाळल्यावर मेणाचे पॉलिश लावा. तेल ओतू नका, चामडे ढिले पडते.

चिखल्यांसाठी बुटाइतकेच मोज्यांकडे बघा. जेवणाच्या सुट्टीत कोरडे मोजे घालणे याहून स्वस्त औषध नाही. बोटांमधली जागा फडक्याने पुसा. क्लोट्रिमॅझोलचे मलम लावत असाल तर खाज थांबल्यावर लगेच सोडू नका. मधुमेह असेल तर मलमाच्या भानगडीत न पडता डॉक्टरांना दाखवा, आणि रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, शिवणीची गाठ तपासा. बधिर पायाला ते कळत नाही.

महिला कामगार आहे, नंबर तीन. स्टोअरमधून पाच नंबर देतात आणि दोन इनसोल घाला म्हणतात.

घालू नका. इनसोलने पाय वर उचलला जातो, बूट आखूड होत नाही. बोटे टोपाच्या छताला लागतात आणि टाच सैलच राहते. बायकांच्या साच्यावर, अरुंद टाचेचे तीन-चार नंबरचे सेफ्टी शूज बाजारात आहेत. लेखी मागणी द्या, सोबत पायाचा कागदावरचा आकार जोडा.

बुटावर जॉब (मशीनवरचा धातूचा तुकडा) पडला. पाय वाचला, टोपाला बारीक पोचा आला आहे. अजून चालेल का?

नाही. आठ-नऊ नंबरच्या बुटात आघातानंतरही बोटांना चौदा मिलिमीटरच्या आसपास जागा उरावी असा नियम असतो, आणि ती जागा तुमच्या टोपाने एकदा वापरून टाकली. दुसऱ्या वेळी ती नसेल. ‘टोप दबला की बोटे कापतो’ म्हणून साध्या बुटात काम करणारे भेटतात, पण लोखंडी टोप मोडेल एवढ्या वजनाखाली टोप नसलेली बोटे काय उरणार? फायबरच्या टोपात तडा आतून असतो, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे मोठा मार बसला की पोचा नसला तरी बदला. जुना जोड भंगारात टाकताना जीभ आणि टाच कापून टाका, म्हणजे तो धुऊन-पुसून पुन्हा कोणाच्या पायात जाणार नाही.